एक पद, दोन चाली

(दृश्य: तालमीची खोली. ऑर्गनचा भाता, मग पट्ट्यांवरची बोटं.)

पायानं भाता मारायचा, बोटांनी सूर धरायचा. शेजारी तबला लागतोय. माइक अजून पेटीतच आहेत. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज आधी उघड्या गळ्यानं पोचला पाहिजे.

बसवलं जातंय ते पद आहे ‘घेई छंद मकरंद’ आणि नाटक, ‘कट्यार काळजात घुसली’. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी. ‘नाट्यसंपदा’ या नाट्यसंस्थेनं ते १९६७ साली रंगमंचावर आणलं.

गोष्ट दोन गायकींची. विश्रामपूर दरबारचा राजगायक कोण, पंडित भानुशंकर की खाँसाहेब आफताब हुसेन? हा झगडा नुसत्या संवादांवर सोडलेला नाही. अभिषेकीबुवांनी या एकाच पदाला दोन चाली दिल्या. धानी रागातली प्रसाद सावकारांनी गायली. ती शब्दाला धरून, विसावत जाते. सालगवराळी रागातली, खाँसाहेब झालेल्या डॉ. वसंतराव देशपांडे यांची, तानांच्या झपाट्याची. शब्द तेच, स्वभाव वेगळा. नाटकाचा सगळा संघर्ष इथे कानांनाच कळतो.

(दृश्य: नट गातोय, समोर सहकलाकार.)

त्याचे डोळे पाहा. तान पुरी होईपर्यंत समोरच्या पात्रावरून नजर हटत नाही. गाताना भूमिका सुटली, की पद मैफलीचं होतं, नाटकाचं उरत नाही. म्हणून तीच जागा पुन्हा. आणि पुन्हा.

(दृश्य: पोस्टर, मग चित्रपटाची झलक.)

२०१० मध्ये सुबोध भावे यांनी हे नाटक पुन्हा उभं केलं. आजोबा वसंतरावांची खाँसाहेबांची भूमिका राहुल देशपांडे यांनी केली, आणि गायलीही. २०१५ मध्ये भावे यांनीच त्याचा चित्रपट केला. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो, रंगमंचावरून कधीच दिसणार नाही इतक्या जवळ. पण गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, ओठ नंतर जुळतात. पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगांवकर, गळा राहुल देशपांडे यांचा. पंडितजी झालेले शंकर महादेवन मात्र स्वतः गायले. त्या प्रसंगांत नाटकाची जुनी रीत पडद्यावरही टिकली, हे मोलाचं. शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांबरोबर नवी गाणी दिली. त्यातल्या ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नवे श्रोते आले, नाट्यपदं मोबाइलवर पोचली.

(दृश्य: पुन्हा तालीम.)

चित्रपटानं ही पदं घराघरांत नेली, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण एकाच दमात गाणारा आणि भूमिका जगणारा नट घडतो तो अशाच खोल्यांत. इथे दुसरा टेक नाही. प्रेक्षकांतून वन्समोअर आला, तर तीच तान त्याच क्षणी पुन्हा घ्यावी लागते, आणि ती आधीच्यासारखी येऊन चालत नाही.

आता निवेदन थांबवतो. दोन्ही चाली सलग ऐका, आधी धानी, मग सालगवराळी.