रेघ वर चढतेय
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: केळीच्या बागा, भरदुपार. मग एक बंद दार आणि एसीचा आवाज.)

मे महिना. यावल-रावेर पट्ट्यात पारा ४५ च्या वर गेलाय. घड उन्हानं भाजू नयेत म्हणून शेतकरी त्यांच्यावर वाळली पानं बांधतोय.

बागेपासून दोन किलोमीटरवर एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय आहे. तिथली ही दहा बाय आठची खोली. पूर्वी इथं कोरी पासबुकं आणि जुन्या रोजकीर्दी ठेवायचे. आता दोन सर्व्हर, एक स्टोरेजचा डबा आणि त्यात पाच हार्ड डिस्क. आठ शाखांचा दिवसभराचा व्यवहार या पाच डिस्कवर उतरतो.

दाराबाहेर भिंतीवर टीव्ही लावलाय. त्यावर मालिका नाही, क्रिकेट नाही. रेघा आहेत.

(दृश्य: टीव्हीचा पडदा, अगदी जवळून. लाल रेघ.)

ही तिसऱ्या डिस्कच्या तापमानाची रेघ. सकाळी आठला ३४ अंश. अकराला ३८. दीडला वीज गेली. सर्व्हर यूपीएसवर चालू राहिले, पण एसी यूपीएसवर नाही. बघा, तिथूनच रेघेनं मान वर केली. ४१, ४४, ४७. दोन वाजून वीस मिनिटांनी वीज आली तेव्हा रेघ उतरायला लागली, पण चढली त्या वेगानं नाही. तापलेली भिंत लवकर निवत नाही.

सर्व्हरच्या खोलीत हवा १८ ते २७ अंशांत ठेवावी अशी शिफारस आहे. इथं मे महिन्यातल्या कित्येक रात्रीसुद्धा त्यात बसत नाहीत. लांब पुण्यात बसून ही रेघ पाहणाऱ्याला बिघाड दिसेल. इथल्या माणसाला त्यात वायरमनची दुपार दिसते.

(दृश्य: ताई कीबोर्डवर. शेजारी चहा.)

रेघा वाचतात त्या या ताई. शिक्षण जळगावच्या विद्यापीठात. या रेघा काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव झॅबिक्स. लॅटव्हियातल्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी ते १९९८ साली लिहायला घेतलं आणि २००१ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. लायसन्सला रुपया लागत नाही. काउंटरवरून काढलेल्या एका जुन्या पीसीवर ते चालतंय. हे जरा ठासून सांगतोय, कारण याच कामासाठी संस्थेला आलेलं कोटेशन आम्ही पाहिलंय.

प्रत्येक सर्व्हरवर या सॉफ्टवेअरचा एक एजंट बसवलेला असतो. एजंट म्हटलं की आपल्याकडे पिग्मीवाला डोळ्यांपुढे येतो. काम जवळपास तेच. दर मिनिटाला हा फेरी मारतो: मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, प्रोसेसर किती दमला. जे हाती लागेल ते मुख्य वहीत जमा. आकडा ठरवलेल्या हद्दीबाहेर गेला आणि सलग पाच मिनिटं तिकडेच राहिला, तर ताईंच्या मोबाईलवर संदेश. एका झटक्यावर संदेश पाठवायचा नाही. आधी तसंच लावलं होतं. रात्रभर फोन वाजायचा, मग ताईंनी तो उशीखाली घालायला सुरुवात केली.

(दृश्य: पडद्यावर पाच मिनिटांचा, दिवसाचा, वर्षाचा आलेख एकामागून एक.)

अशा रेघा काढायची कल्पना जुनी आहे. १९९४ साली टोबियास ओटिकर जिथं काम करत होते, तिथं बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच लाइन होती, ६४ किलोबिटची. ती किती भरलीय, हे सगळ्यांनाच हवं असायचं. ओटिकरांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ठरावीक वेळानं मोजायचं, रेघ काढायची, वेबपानावर टांगायची. १९९५ मध्ये तो एमआरटीजी या नावानं जगाला फुकट मिळाला. १९९९ मध्ये अशा नोंदी साठवणारं त्यांचंच आरआरडीटूल आलं आणि त्यातली युक्ती फार सुंदर आहे. नोंदींची फाइल कधी वाढतच नाही. विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा: गाडगी मोजकीच, फिरून तेच गाडगं पुन्हा भरायचं. नवी नोंद येते ती सगळ्यात जुन्या नोंदीच्या जागी. पण जुनी वाया जात नाही, तिची सरासरी दुसऱ्या, संथ फिरणाऱ्या रहाटावर चढलेली असते. झॅबिक्सची साठवण वेगळी आहे, तरी जुन्याची तासातासाची सरासरी जपायची रीत तिथंही आहेच.

(दृश्य: भुसावळ, आउटरला उभी मालगाडी. लांब शॉट.)

आता ही मालगाडी. इंजिन धडधाकट, ड्रायव्हर जागा, पण यार्डात लाइन मोकळी नाही. सर्व्हरचंही असंच होतं. शाखेतून फोन येतो, ‘सर्व्हर झोपला का भो?’ प्रोसेसरचा आलेख पाहावा तर तो निवांत. तेव्हा आयओवेट पाहायचं. प्रोसेसर रिकामा बसलाय, डिस्ककडून उत्तर येण्याची वाट बघत. त्याखालची रेघ सांगते, एका मागणीला डिस्क किती मिलिसेकंद घेतेय. एरवी आठ-दहा असते. मार्चअखेरीस ती शंभरीपार गेली, कारण व्याजाची आकारणी आणि बॅकअप एकाच वेळी लागले होते. ताईंनी बॅकअप रात्री एकवर ढकलला. नवा सर्व्हर घ्यायची फाइल कपाटात गेली, अजून तिथंच आहे.

दोन वर्षांपूर्वी यातलं काही नव्हतं. डिस्कवर माहिती वाटून ठेवायची एक रीत म्हणजे रेड-५, तिच्यात एक डिस्क गेली तरी काम चालतं. तसं ते चालत राहिलं, कारण बिघाड सांगणाऱ्या नारिंगी दिव्याची बाजू भिंतीकडे होती. मग दुसरी गेली. दोन दिवस व्यवहार बंद राहिले, नोंदी स्लिपांवरून पुन्हा भराव्या लागल्या.

(दृश्य: डब्यातून डिस्क बाहेर ओढणारा हात.)

ही चौथी डिस्क मात्र आधी बोलली. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची टिपणं ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. त्यातला पाचवा क्रमांक म्हणजे खराब निघाल्यानं राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे. कित्येक महिने तिथं शून्य होतं. मग ८. आठवड्यानं २४. ताईंनी तिसऱ्या आकड्याची वाट पाहिली नाही.

नवी डिस्क बसली की उरलेल्या चौघी रात्रभर राबून तिच्यात सगळं पुन्हा लिहितात. खरा धोका तेव्हाच असतो. या पुन्हा लिहिण्याचे, म्हणजे रीबिल्डचे टक्के आम्ही ६१ पासून ६४ पर्यंत टिपले, मग आमचीच बॅटरी संपली.

गूगलच्या अभियंत्यांनी लाखाहून अधिक डिस्क तपासून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणून बॅकअप आहेच.

(दृश्य: पहाट. केळीचे ट्रक भरतायत. मग पुन्हा टीव्ही.)

सकाळचे सहा. लाल रेघ ३३ वर. पडद्यावर सगळं हिरवं, एकच चौकोन पिवळा: सावद्याच्या शाखेतला यूपीएस, बॅटरी बदलायला झालीय. ताईंनी ते वहीत लिहून ठेवलं. हो, वहीत. आणि आबांना हाक मारली, ‘आबा, झाडताना रॅकच्या मागची जाळीपण पुसून घ्या बरं.’