गुळव्याची गोळी आणि इंग्रजीची पायरी

नमस्कार श्रोतेहो. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी जुलैत एकच गडबड असते. कपडे, औषधं, कांदा-लसूण चटणी, वजनकाटा. आणि दर जुलैत पालक मला एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, बारावीला इंग्रजीत एवढे मार्क, तरी तिथल्या विद्यापीठानं आधी इंग्रजीचाच कोर्स कर म्हणून का सांगितलं?"

हा कमीपणा नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं १९४१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची खास संस्था काढली, तेव्हापासूनची ही पद्धत. केवळ इंग्रजी शिकायला विद्यार्थी व्हिसावर गेलात, तर आठवड्याला निदान १८ तास वर्गात बसावं लागतं. घरचा अभ्यास वेगळा. आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी होते ती प्लेसमेंट टेस्ट. आपल्याकडे प्लेसमेंट म्हटलं की नोकरी डोळ्यांपुढे येते. इथं तसं नाही. इथं प्लेसमेंट म्हणजे तुम्हाला कुठल्या पायरीवर बसवायचं ते ठरवणं. पुन्हा सांगते, यात पास-नापास नाही, फक्त पायरी ठरते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, सगळं बघतात. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाची पायरी वेगळी निघते.

माझी एक विद्यार्थिनी होती, करवीर तालुक्यातली. घरचं गुऱ्हाळ. फूड टेक्नॉलॉजी शिकायला अमेरिकेत गेली आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी तिचा फोन आला. तिकडे रात्र होती. आवाज रडवेला. "मॅडम, बोलण्यात मला पाचव्या पायरीवर घेतलंय आणि लिहिण्यात दुसऱ्या. आबांना काय सांगू?"

मी विचारलं, लिहायला काय दिलं होतं? "तुमच्या भागातलं एखादं काम कसं चालतं ते समजावून सांगा." मग तू काय लिहिलंस? तिनं विज्ञानाचे फायदे-तोटे लिहिले होते. पाठ होते म्हणून. आणि तोंडी परीक्षेत काय विचारलं? "वडील काय करतात." मग काय सांगितलंस?

त्यावर ती जी सुरू झाली! चरकातून रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत येतो. रस तापला की रानभेंडीचा चिकट रस घालायचा, म्हणजे मळी वर येते, ती काढायची. नाही काढली तर गूळ काळा पडतो. चुलव्या चुलवाणात चिपाड सारत असतो, जाळ कमी-जास्त झाला तर पाक बिघडतो. शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा जाणकार, पाकाचे थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी चोळून बघतो. गोळी झाली की काहील उतरवायची. आधी उतरवली तर गुळाचा रवा, म्हणजे ढेप, बसत नाही, उशीर झाला तर करपतो.

श्रोतेहो, आधी काय, मग काय, कशामुळे, नाहीतर काय होईल. विद्यापीठातल्या लेखनाला लागतं ते सगळं तिच्या बोलण्यात होतं आणि कागदावर त्यातलं काहीच उतरलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "अगं, त्यांनी तुझी गोळीच बघितली. थेंब पाण्यात टाकल्याशिवाय पाक कुठवर आलाय ते कळणार कसं?"

गुळाचा विषय निघालाच आहे तर सांगते, गूळ पिवळाधमक हवा हा हट्ट आपण गिऱ्हाइकांनी सोडायला हवा. त्या रंगापायी त्यात हायड्रॉस नावाचं रंग उजळवणारं रसायन पडतं. तपकिरी गूळ मागून घ्या. बनवणारे आपल्या मागणीप्रमाणेच बनवतात.

तर दुसऱ्या पायरीच्या बाईंनी तिला गुऱ्हाळच लिहायला लावलं. एकच परिच्छेद, पण तीनदा परत आला. पाक किती तापतो? गोळी म्हणजे नेमकं काय? हे तुला कसं माहीत? तिनं आबांना फोन केला. आबा म्हणाले, "हाताला कळतंय की." मग पोरगी ग्रंथालयात गेली. शोधनिबंधात तिला सुमारे ११८ अंश सेल्सिअसचा आकडा सापडला. आबांचं ज्ञान कुठलं आणि निबंधातलं कुठलं हे वेगवेगळं दाखवायला ती तिथं शिकली. दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून लिहायचं नाही, यावर तिथं फार कटाक्ष असतो.

शब्दांचंही तसंच. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली. मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कूळ. गृहीत धरणं, विश्लेषण करणं, सूचित करणं, अशा कामांचे हे शब्द. यादी घोकू नका, वाक्यात वापरा.

आणि निघायच्या आधी पाठ केलेले निबंध घरीच ठेवा. पाठांतरानं वरची पायरी मिळालीच, तर पुढचे तीन-चार महिने वर्गात काय चाललंय ते कळत नाही. बऱ्याच ठिकाणी पहिल्या आठवड्यात शिक्षक वर्गात पुन्हा लिहून घेतात आणि पायरी चुकली असेल तर बदलतात. तेव्हा खरं आहे तेच लिहा.

डिसेंबरात तिनं तो परिच्छेद मला पाठवला. गुऱ्हाळाचा हंगाम ऐन भरात होता. मी तिकडे जाऊन आबांना तो मराठीत सांगितला. काहिलीकडे बघतच त्यांनी ऐकला आणि म्हणाले, "मळी आम्ही दोनदा काढतो. हितं एकदाच लिवलंय."

मी तिला कळवलं. त्याच रात्री तिनं ते वाक्य दुरुस्त केलं.