आमेन : ऐकणाऱ्याचा शब्द

प्रार्थना संपली की 'आमेन' म्हणायचे, एवढीच या शब्दाची ओळख बहुतेकांना असते आणि त्यामुळे तो समाप्तीचा शब्द ठरून गेला आहे. आज मला मांडायचे आहे ते असे, की हा शब्द मुळात ऐकणाऱ्याचा आहे: एकाने म्हटलेले दुसऱ्याने स्वतःवर बांधून घेण्याचा.

शब्द हिब्रू आहे. आलेफ, मेम आणि नून या तीन व्यंजनांच्या धातूपासून तो आला असून पक्के असणे, टिकणे, आधार देणे हा त्या धातूचा अर्थ आहे. श्रद्धेसाठीचा 'एमुना' हा शब्द आणि तान्ह्या मुलाला सांभाळणाऱ्यासाठीचा 'ओमेन' हा शब्द त्याच धातूचे. इजिप्तचा देव आमुन किंवा आपला ॐकार यांच्याशी त्याचे नाते जोडणारे लेखन अधूनमधून वाचायला मिळते. त्याला ध्वनिसाम्यापलीकडे काहीही आधार नाही. आमुन या नावाचा अर्थ 'गुप्त' असा असून त्याचा धातूच वेगळा आहे.

बायबलच्या क्रमाने पाहिले तर हा शब्द प्रथम भेटतो तो एका शपथविधीत, आणि तो प्रसंग काही मंगल नाही. गणना या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात नवऱ्याने संशय घेतलेल्या स्त्रीला याजक शापयुक्त शपथ घालतो आणि तिने 'आमेन, आमेन' असे म्हणावे, अशी आज्ञा आहे. शापाचे शब्द याजकाचे असतात; तिच्या दोन आमेनांनी ते तिला लागू होतात. अनुवाद या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात लेवी, म्हणजे मंदिरसेवेच्या वंशातले लोक, एकेक शाप उच्चारतात आणि सर्व लोक प्रत्येकाला आमेन म्हणतात, असे बारा वेळा. यिर्मया या संदेष्ट्याचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. बाबेलला नेलेली मंदिरातली पात्रे दोन वर्षांत परत येतील, असे भाकीत हनन्या या दुसऱ्या संदेष्ट्याने केले, तेव्हा यिर्मया आधी 'आमेन, परमेश्वर तसे करो' म्हणाला आणि लगेच त्याने त्या भाकिताविषयीची आपली शंका सांगितली. म्हणजे इच्छेला त्याची संमती होती, भाकिताला नव्हती.

या पार्श्वभूमीवर शुभवर्तमानांतला येशूचा प्रयोग चमत्कारिक ठरतो. तो दुसऱ्याच्या बोलण्याला आमेन म्हणण्याऐवजी स्वतःच्या बोलण्याची सुरुवातच आमेनने करतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तर हा शब्द अशा वेळी दर खेपेस दोनदा येतो. मराठी बायबलच्या वाचकाला हे सहज जाणवत नाही, कारण तेथे भाषांतर 'मी तुम्हांला खचित खचित सांगतो' असे आहे. भाषांतर चुकीचे नव्हे. पण ते वाचताना, प्रार्थनेच्या अखेरीस आपण म्हणतो तोच हा शब्द, हे लपून जाते.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी मात्र जुनीच रीत चालू ठेवली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल विचारतो, की तुम्ही काय बोलता हे ज्याला समजतच नाही, त्याने तुमच्या उपकारस्तुतीला आमेन कसे म्हणावे? इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो, की प्रमुखाची प्रार्थना संपल्यावर सगळे लोक आमेन म्हणून संमती देतात. पुढे ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्माचार्याने या आमेनला सही करण्याची उपमा दिली.

ज्यू परंपरेत तर ऐकणाऱ्याच्या या जबाबदारीचे काटेकोर नियमच झाले. आशीर्वचन न ऐकता म्हटलेल्या आमेनला तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या चर्चाग्रंथात, 'अनाथ आमेन' असे नाव आहे; घाईने हिसकावल्यासारखे किंवा शेवट तोडून म्हटलेलेही वर्ज्य. अलेक्झांड्रियाचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, इतके प्रचंड होते की मागच्यांना आवाज पोहोचत नसे, म्हणून मधल्या लाकडी चौथऱ्यावरून वस्त्र हलवून आमेनची वेळ दाखवली जाई, अशी आठवणही तालमुदात नोंदवली आहे. मग हे आमेन अनाथ कसे नाही, असा प्रश्न पुढच्या भाष्यकारांना पडलाच. कोणते आशीर्वचन चालू आहे हे लोकांना ठाऊक होते, असे उत्तर त्यांनी दिले. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंच्या उपासनेतही हाच शब्द आहे.

इस्लाममध्ये तो 'आमीन' झाला. सूरह फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, संपल्यावर तो म्हटला जातो, पण कुराणाच्या संहितेत तो नाही. म्हणजे येथेही तो वाचनाला दिलेला प्रतिसादच आहे. तो मोठ्याने म्हणावा की मनात, यावर मात्र पंथांत मतभेद आहेत. हनफी मनात म्हणतात, शाफई मोठ्याने. हनफी मशिदीत कोणी मोठ्याने आमीन म्हटल्यावरून उत्तर भारतात खटलेही झाले आणि १८८५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी या प्रश्नाची शास्त्राधारे सविस्तर चर्चा केली. महाराष्ट्रातही हा भेद आहे, कारण कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, तर घाटावरचे बहुतेक सुन्नी हनफी. पण शाफई मशिदीतही मोठ्याने आमीन होते ते पहाटेच्या, संध्याकाळच्या आणि रात्रीच्या नमाजात. दुपारच्या दोन्ही नमाजांत इमाम फातिहा मनात वाचतो, म्हणून तेथे आमीनही मनातच म्हटले जाते.