डुम्म आणि टक

आवाज येतोय का मागपर्यंत? लाईट गेलीय, तोवर माईकशिवायच बोलतो, लातूरकरांना त्याची सवय आहेच.

ही माझी अकॉस्टिक गिटार, पोकळ पोटाची. वरच्या फळीवर अंगठ्यानं ठोकतो, ऐका. डुम्म. आता ही इलेक्ट्रिक. टक. शेजारच्याचं दार वाजवल्यासारखं. आजचा विषय म्हणजे ह्या डुम्म आणि टकमधलं भांडण, बाकी सगळे मॉडेल नंबर.

गोंधळातलं तुणतुणं बघितलंय ना तुम्ही, खाली चामडं ताणलेलं असतं, तार त्याला ओढती आणि ते चामडं हवा हलवतं. अकॉस्टिक गिटारीत चामड्याच्या जागी पातळ फळी, एवढंच. फळी जाड केली तर बोलणार नाही, लय पातळ केली तर तारांच्या ताणानं पोट फुगून वर येतं, म्हणून आतून पट्ट्या चिकटवतात. त्या पट्ट्या एक्स आकारात लावायची पद्धत अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं एकोणिसाव्या शतकात पक्की केली. १८३३ पासूनची कंपनी, पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावची, अकॉस्टिक म्हणलं की जगात पहिलं नाव त्यांचंच निघतं. पण ह्याच कंपनीनं तीनदा इलेक्ट्रिक काढली आणि तिन्ही वेळा गपचूप बंद केली, हे इथं कितीजणांना माहितीय? बघा, एकच हात, आणि तोही माझ्याच क्लासचा पोरगा.

पहिला प्रयत्न १९५९ च्या आसपासचा, डी-१८ई. ह्यांनी काय केलं, तर आपलीच चांगली अकॉस्टिक, डी-१८, घेतली, तिच्या फळीत भोकं पाडून डीआर्मंड कंपनीचे दोन पिकअप बसवले आणि ते मावावेत म्हणून आतल्या पट्ट्यांची मांडणीपण बदलली. म्हणजे जी फळी हलावी म्हणून शंभर वर्षं जीव काढला तिच्याच छातीवर लोखंड ठेवलं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, त्याला फळी ऐकूच येत नाही, त्याला फक्त वर हलणारं स्टील कळतं. त्यात अकॉस्टिकच्या जाड तारांवर ब्राँझचं वेटोळं, ते चुंबकाला दिसत नाही, त्यामुळं बारीक दोन तारा किंचाळतात आणि जाड्या तोंडातल्या तोंडात बोलतात.

वरनं शिट्टी. मी एका गणपती मंडळात हीच गिटार पिकअप लावून वाजवायला बसलो होतो, मागं ही एवढी मोठी स्पीकरची पेटी. पहिला कॉर्ड धरला आणि असा हूऽऽ आवाज सुरू झाला की आरतीचं ताट घेऊन उभ्या काकू ताटासकट मागं सरकल्या. होतं काय, स्पीकर फळीला हलवतो, फळी तारेला हलवती, तार परत स्पीकरला, हे चक्र थांबतच नाही. ठोकळ्यासारखी जड बॉडी असली की हे कमी होतं, फेंडर ह्या इलेक्ट्रिक गिटारवाल्या कंपनीनं १९५० च्या सुमारास तेच केलं.

दुसरा प्रयत्न साठच्या दशकातला, मार्टिननं एफ-५०, एफ-५५, एफ-६५ काढल्या, मग जीटी-७० आणि जीटी-७५. पोकळच, पण सडपातळ. दिसायला बऱ्या, विषय संपला.

मला खरा जीव लागलाय तो तिसऱ्या प्रयत्नावर, १९७९ च्या ई-१८ वर. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेली भरीव बॉडी, म्हणजे शेवटी टक वाजणारी गिटार एकदाची बनवली. डोकं मात्र एका बाजूला झुकलेलं, सहाही खुंट्या एकाच रांगेत. लोकं म्हणले फेंडरची कॉपी केली. अरे, मार्टिनचा संस्थापक व्हिएन्नात स्टॉफर नावाच्या गिटार बनवणाऱ्याकडं काम शिकला, तिथंच असली डोकी बनायची, फेंडरच्या कितीतरी आधी! स्वतःच्या आजोबाची टोपी घातली तर चोर ठरवलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच तीही बंद. गिटार वाईट नव्हती, माझं मत आहे हे, पण निलंगा राईसच्या गाड्यावर जाऊन नूडल्स कोण मागतंय? चांगल्या केल्या असतील तरी माणूस राईसच खाणार.

आता गंमत ऐका. ती पहिली फसलेली डी-१८ई, एकूण ३०२ च बनल्या म्हणतात, त्यातली १९५९ ची एक निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनकडं आली. तो डावखुरा, तारा उलट्या लावल्या, कंपनीच्या पिकअपवर भागेना म्हणून मधल्या गोल भोकात आणखी एक पिकअप बसवून घेतला आणि १९९३ ला एमटीव्हीच्या अनप्लग्ड कार्यक्रमात तीच वाजवली, पिन लावून, ॲम्पमधनं. नाव अनप्लग्ड, म्हणजे पिन काढलेलं! २०२० ला लिलावात ती ६० लाख डॉलरला गेली, तेव्हाच्या भावानं पंचेचाळीस कोटी धरा. तेवढ्यात मी... जाऊ द्या, बायको मागं बसलीय.

आली का लाईट? मग ह्या अकॉस्टिकला पिन लावून ती शिट्टी ऐकवतो. पुढच्या रांगेतल्यांनी जरा मागं सरका, आणि काकू, तुम्ही चहाचा ट्रे आधी खाली ठेवा.