पेन्शन अडतं ते सेवापुस्तकात

हे सेवापुस्तकाचं, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या सगळ्या नोंदी असलेल्या वहीचं, पहिलं पान. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, बोटांचे ठसे, अंगावरची खूण, खाली कार्यालयप्रमुखाची सही. निवृत्तीचा दिवस इथेच ठरतो. वयाची ५८ वर्षं ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. जन्म एक तारखेचा असेल, तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. चतुर्थ श्रेणीला हीच मर्यादा ६० वर्षांची.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना १९८२चे निवृत्तिवेतन नियम लागू आहेत. शेवटचं मूळ वेतन ६०,००० धरा. निवृत्तिवेतन त्याच्या निम्मं, ३०,०००. त्यातले ४० टक्के, म्हणजे १२,००० विकता येतात, म्हणजे त्यांच्या बदल्यात एकरकमी पैसे घेता येतात. ५८व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचा गुणक ८.३७१. बारा हजार गुणिले बारा महिने गुणिले गुणक: हातात १२,०५,४२४ रुपये. दरमहा उरतात १८,०००, पण महागाई भत्ता पूर्ण ३०,०००वरच मिळतो. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. अर्ज निवृत्तीपासून वर्षाच्या आत केला, तर वैद्यकीय तपासणी लागत नाही.

हिशेब असा सरळ आहे. घोळ होतो तो आतल्या पानांवर. १९९६, २००६, २०१६, प्रत्येक वेतन आयोगाला वेतननिश्चिती झाली. ती वेतन पडताळणी पथकाने तपासून शिक्का मारलेला असावा लागतो. शिक्का नसेल, तर प्रकरण महालेखापालांकडून, म्हणजे निवृत्तिवेतन तपासून आदेश काढणाऱ्या कार्यालयाकडून, आक्षेप घेऊन परत येतं. एखाद्या वर्षाची सेवा पडताळणीची नोंद राहिलेली असते, गैरहजेरीचा काळ नियमित केलेला नसतो, निलंबनाच्या काळाचा निर्णयच झालेला नसतो. भाषा परीक्षा किंवा संगणक अर्हतेची नोंद नसली, की दिलेल्या वेतनवाढींवर बोट ठेवलं जातं.

मग निघते जादा दिलेल्या पगाराची वसुली, तीही ग्रॅच्युइटीतून. चूक या नोंदी ठेवणाऱ्या आस्थापना शाखेची आणि भुर्दंड निवृत्ताला, हे योग्य नाही. रफिक मसीह प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून अशी वसुली करायला मनाई केली. पण वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम परत करीन’ असं वचनपत्र लिहून दिलेलं असेल, तर त्याच न्यायालयाचा २०१६चा जगदेव सिंग निकाल आड येऊ शकतो. म्हणून ते वचनपत्र सेवापुस्तकाला जोडलेलं आहे का, हे आधी बघा.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची दुसरी प्रत, घेऊन मूळ प्रतीशी पानोपान ताडून पाहा. पत्नीचं नाव नामनिर्देशनात, आधारवर आणि बँकेत एकच हवं. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ एवढ्या फरकानेही कुटुंब निवृत्तिवेतन रखडतं. कागद कार्यालयातून महालेखापालांकडे सहा महिने आधी जायला हवेत: विदर्भ-मराठवाड्याचे नागपूरला, बाकीचे मुंबईला. जावक क्रमांक मागून घ्या. निवृत्तिवेतनाचा आदेश वेळेत आला नाही, तर कार्यालयप्रमुखाकडे तात्पुरत्या निवृत्तिवेतनाचा लेखी अर्ज करा. नियमात त्याची तरतूद आहे.