पेशीच्या पिशवीत अडकलेलं प्रथिन

[दृश्य : बडोदे, सयाजीगंज. जुन्या कॉलेजचा घुमट.]

दांडिया बाजार, रावपुरा इथल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं या परिसरात विज्ञान शिकली. १८८१चं बडोदे कॉलेज पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झालं. इथे जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या आजच्या मुलामुलींपुढे ठेवावा असा एक प्रश्न आहे : पेशी म्हातारी होते ती कशामुळे?

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी.]

१९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिलं, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी विभागून संख्येने साधारण ५० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. मरत नाहीत. मोठ्या, पसरट होऊन तग धरून राहतात. अशा म्हाताऱ्या पेशींत बऱ्याचदा पी-१६ नावाचं प्रथिन साचलेलं असतं. ते विभाजनाला लगाम घालतं. पण हा लगाम किती काळ ओढला, की पेशी कायमची थांबते?

जनुक घालून हे शोधावं, तर पेशी प्रथिन बनवतच राहते. मात्रा आणि वेळ सांभाळणं कठीण होतं. तयार प्रथिनच आत सोडलं, तर ते लगेच कामाला लागतं आणि काही तासांत किंवा दिवसांत पेशी त्याचा निकालही लावते. मग ती पुन्हा विभागते का, हे बघायचं. या पद्धतीचं खरं मोल मला इथे दिसतं.

अडचण आहे ती पेशीच्या पटलाची. एवढा मोठा रेणू ते सहजी आत घेत नाही. १९८८ साली आढळलं, की एचआयव्हीचं टॅट प्रथिन बाहेरून दिलं तरी पेशीत शिरतं. मग त्याचा छोटा तुकडा इतर प्रथिनांना जोडून तीही आत धाडली जाऊ लागली. प्रथिन कुठे गेलं ते दिसावं म्हणून त्याला चमकणारा रंग जोडत; पेशींची चमकणारी केंद्रकं पाहून सगळे हरखले. २००३ साली मात्र उघड झालं, की सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पेशी रसायनाने मारून स्थिर करताना हे तुकडे आत भलतीकडे पसरतात. जिवंत पेशीत त्यातले बरेचसे एंडोसोम, म्हणजे बाहेरचा माल आत घेताना पेशी बनवते त्या पिशव्यांतच अडकलेले होते.

म्हणून नुसत्या चमकेवर विसंबू नये. प्रथिनाने आत काम केलं का, ते जिवंत पेशीतच तपासावं. शिवाय म्हाताऱ्या पेशीत प्रथिनं पचवणारे लायसोसोम वाढलेले असतात. तरुण पेशीत जमलेली मात्रा तिथेही पुरेल, असं गृहीत धरता येत नाही. दोन्ही पेशींत किती प्रथिन पोहोचलं, हे वेगवेगळं मोजावंच लागतं.