रोनेबुर्ग: बुजवलेली खाण, उपसावं लागणारं पाणी

[दृश्य: गवताळ टेकडी, पायवाटेवरचे सायकलस्वार]

ही टेकडी माणसांनी रचली आहे. जर्मनीच्या थुरिंगिया राज्यात, रोनेबुर्ग गावालगत. हिच्याखाली एकेकाळी जवळपास 240 मीटर खोल खड्डा होता, लिश्टेनबर्गची उघडी युरेनियम खाण.

[जुनी कृष्णधवल चित्रफीत]

1946 नंतर विस्मुट या कंपनीने सोव्हिएत अणुकार्यक्रमासाठी पूर्व जर्मनी खणायला घेतला. 1990 च्या अखेरीस उत्पादन थांबलं, तोवर तिच्या सगळ्या खाणींतून सुमारे 2 लाख 31 हजार टन युरेनियम निघालं होतं. लिश्टेनबर्ग आणि श्मिर्शाउ ही गावं खाणीने गिळली. हजारो खाणकामगारांना फुप्फुसाचा कर्करोग झाला.

[दृश्य: शंकूच्या आकाराच्या ढिगाऱ्यांचे जुने फोटो]

युरेनियम गेलं, टाकाऊ दगड इथेच राहिला. रॉइस्ट आणि पाइट्सडॉर्फचे हे उंच शंकू कित्येक मैलांवरून दिसत. या दगडात पायराइट आहे, म्हणजे लोह आणि गंधक. त्याला हवा आणि पावसाचं पाणी मिळालं की आम्ल तयार होतं. ते आम्ल दगडातलं लोह, निकेल, युरेनियम विरघळवून जमिनीत आणि तिथून भूजलात नेतं. ढिगाऱ्यांवर नुसती माती पसरून हे थांबलं नसतं.

[दृश्य: डंपरांची रांग, खड्ड्याच्या तळाकडे उतरणारा रस्ता]

म्हणून दगड परत खड्ड्यात टाकायचं ठरलं. एका डंपरमध्ये 136 टन माल. 12 कोटी घनमीटरहून जास्त दगड असा हलवला गेला. पण खरी कसब वाहतुकीत नव्हती. कुठला दगड कुठे टाकायचा, हे आधी तपासून ठरलेलं असे. सर्वात जास्त आम्ल करणारा दगड तळाशी गेला, कारण खाणीतलं पाणी उपसणं थांबल्यावर भूजल तिथवर चढणार होतं. पाण्याखाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय पायराइट निपचित राहतो. आम्ल न करणारा दगड सर्वात वर. थर पसरायचा, गरज असेल तिथे चुना मिसळायचा, दाबायचा, मग पुढचा थर. वरून दीड मीटरच्या आसपास स्वच्छ माती. इतक्या शिस्तीने केलेली खाणसफाई जगात फार कमी ठिकाणी पाहायला मिळते.

2007 मध्ये इथे आणि शेजारच्या गेरा शहरात जर्मनीचं राष्ट्रीय बागकाम-प्रदर्शन भरलं.

[दृश्य: निरीक्षण विहीर, जवळून]

आता हे पाहा. पोलादी नळीचं झाकण उघडलं. मोजपट्टीची तार खाली सुटली. टोक पाण्याला टेकताच बीप वाजला, पाण्याच्या पातळीचा तारेवरचा आकडा वहीत गेला.

खालच्या बोगद्यांतले पंप 1997-98 च्या सुमारास थांबवायला सुरुवात झाली. पाणी वर्षानुवर्षं चढत राहिलं आणि 2006 मध्ये शेजारच्या गेसनच्या खोऱ्यात जमिनीवर आलं. ते अपेक्षित होतं, त्यासाठी जमिनीखाली निचऱ्याचे पाईपही टाकलेले होते. ती सोय अपुरी पडली, नंतर वाढवावी लागली.

[दृश्य: प्रक्रिया केंद्र, चुन्याची दुधाळ धार, तांबूस गाळ]

धरलेलं पाणी या केंद्रात येतं. पाण्यात कालवलेला चुना घातला की आम्ल मरतं. हवा सोडली की लोहाचे गंजासारखे तांबूस कण धरतात आणि युरेनियम, निकेल त्यांच्याबरोबर तळाशी बसतं. हा गाळ वेगळा काढून बंदिस्त जागी पुरतात.

1991 मध्ये कायदा करून या सफाईचा भार केंद्र सरकारने उचलला. सुरुवातीची तरतूद 13 अब्ज जर्मन मार्कांची होती. खड्डा त्यात बुजला. पाण्याचा खर्च मात्र चालूच आहे, आणि तोही तितक्याच निष्ठेने करत राहिला पाहिजे.

कारण चुन्याने सल्फेट (गंधकापासून झालेला क्षार) आणि पाण्याचा जडपणा फारसा हटत नाही. नदीत किती क्षार सोडायचे याला मर्यादा आहे. त्यामुळे केंद्राकडे येणाऱ्या पाण्याचा उपसा हवा तेवढा वाढवता येत नाही, आणि थांबवलाही जात नाही. हे केंद्र अजून काही दशकं चालवावं लागणार आहे.